साहसी कोण? ताराबाई शिंदे यांचा निबंध चित्रकलेच्या वर्गात

चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना मी ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या निबंधाचे पहिले पान वाचायला दिले आणि त्यावर एक कच्चे रेखाटन करून आणायला सांगितले, तेव्हा आलेल्या रेखाटनांपैकी निम्म्याहून अधिक रेखाटनांत घोड्यावर बसलेली, तलवार उगारलेली किंवा डोंगराचा कडा चढणारी बाई होती. बेळगाव जिल्ह्यात वाढलेल्या मुलांच्या डोळ्यांसमोर कित्तूरची राणी चन्नम्मा उभी राहावी हे अगदी साहजिक होते. पण मुलांचा गोंधळ झाला होता तो एका शब्दाने. निबंधाच्या मुखपृष्ठावर जे लांबलचक शीर्षक आहे त्यात ‘स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण हें स्पष्ट करून दाखविण्याकरितां’ असे शब्द येतात, आणि आजच्या मराठीत ‘साहसी’ म्हणजे धाडसी, पराक्रमी. कन्नडमध्ये तर हा शब्द आणखी उजळ आहे. अभिनेते विष्णुवर्धन यांना ‘साहससिंह’ म्हणतात, हे आमच्या वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ताराबाईंनी हा शब्द वापरला तो मात्र जुन्या धर्मशास्त्रातल्या अर्थाच्या जवळचा आहे. तिथे साहस म्हणजे मागचापुढचा विचार न करता केलेले दुष्कृत्य, बळजोरी, अपराध. म्हणजे ताराबाईंचा प्रश्न ‘शूर कोण?’ असा नसून ‘अपराध करायला न कचरणारे कोण, बायका की पुरुष?’ असा आहे.

एका शब्दाचा अर्थ कळल्यावर वर्गातली सगळी घोडेस्वार चित्रे बाजूला ठेवावी लागली, आणि एखाद्या बंडखोर लेखकाचा वारसा आजच्या काळात नव्याने मांडणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाला. तो प्रश्न सोपा करून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी निबंधाविषयी. ताराबाई बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाशी जोडलेले होते. मुलींच्या शाळा दुर्मीळ असताना त्यांनी ताराबाईंना घरी शिकवले. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयलक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. ती गरोदर राहिली होती, आणि लोकलाजेच्या भीतीने तिने जन्मलेल्या मुलाला मारले, असा आरोप होता. तिला फाशीची शिक्षा झाली आणि पुढे अपिलात ती कमी करण्यात आली. या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रियांच्या चंचलपणावर, बिघडलेल्या वागण्यावर लेख येऊ लागले. पुण्याच्या ‘पुणेवैभव’ पत्रातल्या अशाच लिखाणाने संतापून ताराबाईंनी १८८२ साली हा निबंध पुण्यात छापून प्रसिद्ध केला. त्या वेळी सुरत, पुणे आणि आमचे बेळगाव ही तिन्ही ठिकाणे एकाच मुंबई इलाख्यात होती, हे मी वर्गात मुद्दाम नकाशावर दाखवतो. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाल्यानंतरचा नकाशाच पाहत आलेल्या मुलांना हा मजकूर ‘तिकडचा’ वाटतो, आणि तो तसा वाटू नये अशी माझी मनापासून इच्छा असते.

निबंधाची रचना एखाद्या खटल्यासारखी आहे. स्त्रियांवर केले जाणारे आरोप ताराबाई एकेक करून पुढे घेतात: स्त्री कपटी आहे, अविचारी आहे, मूर्ख आहे, पुरुषाला मोहात पाडते. प्रत्येक आरोप त्या आरोप करणाऱ्याच्याच अंगावर उलटवतात. बायको गेल्यावर पुरुष लगेच दुसरी करून आणतो, मग नवरा गेल्यावर बाईचे केस उतरवून तिला कोपऱ्यात का बसवायचे? मोहात पाडणारी बाई दोषी, तर मोहात पडणारा आणि पुढे तिला वाऱ्यावर सोडून देणारा निर्दोष कसा? शास्त्रे लिहिली कोणी? त्या देवादिकांनाही सोडत नाहीत, त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांतल्या स्त्रीचित्रणालाही सोडत नाहीत, आणि सभांमधून सुधारणेची भाषणे देऊन घरी आल्यावर काहीच न करणाऱ्या सुशिक्षितांनाही सोडत नाहीत. भाषा वाड्याच्या मागल्या अंगणातली आहे; म्हणी, टोमणे, प्रश्नांमागून प्रश्न. ती मोठ्याने वाचली तरच कळते, म्हणून आम्ही वर्गात ती आळीपाळीने मोठ्यानेच वाचली.

एका विद्यार्थ्याने विचारले की ताराबाईंना ना तुरुंगवास झाला, ना त्यांच्या पुस्तकावर बंदी आली, मग त्यांना बंडखोर का म्हणायचे. प्रश्न योग्य होता, विशेषतः आमच्या भागात. येथून दोन तासांच्या अंतरावर, धारवाडमध्ये, वचनसाहित्याचे अभ्यासक डॉ. एम. एम. कलबुर्गी यांची ३० ऑगस्ट २०१५ रोजी त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घालून हत्या झाली, आणि लेखनाची किंमत म्हटले की मुलांना तीच आठवते. परंतु लेखनाची किंमत वसूल करण्याची दुसरीही एक पद्धत आहे, ती म्हणजे दुर्लक्ष. ताराबाईंच्या निबंधावर त्यांच्या निकटच्या सुधारक वर्तुळातूनही टीका झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ साली आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. निबंध वाचकांच्या नजरेआड गेला, आणि मराठी साहित्याचे अभ्यासक स. गं. मालशे यांनी तो १९७५ साली संपादित करून पुन्हा छापला तेव्हा मूळ प्रकाशनाला त्र्याण्णव वर्षे झाली होती. या त्र्याण्णव वर्षांत किती मुली शिकल्या, किती जणींनी ताराबाईंचेच प्रश्न स्वतःला विचारले आणि आपल्याआधी कोणी ते विचारले होते हे त्यांना कळलेच नाही, याचा विचार केला की मला फार अस्वस्थ वाटते.

आता ‘नव्याने मांडणे’ या शब्दांकडे येऊ. महापुरुषांच्या बाबतीत आपल्याला दोन गोष्टींची सवय आहे. एक म्हणजे स्मरण: जयंतीला तसबीर, हार, फलकावर एखादे वचन. दुसरी म्हणजे चित्रण: पुस्तकातला प्रसंग जसाच्या तसा चितारणे. दोन्हींना आपापली जागा आहे. बेळगावात तर चित्रणाची परंपरा जुनी आणि कसदार आहे, के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या चित्रकाराने इथे व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र शिकवले आणि रवी परांजपे यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले. त्यामुळे आमच्या मुलांचा हात आपसूकच चेहऱ्याकडे वळतो. म्हणून या कामासाठी मी एकच अट घातली की ताराबाईंचा चेहरा काढायचा नाही. चेहरा काढला की काम झाल्यासारखे वाटते, आणि त्यांनी काय विचारले ते विचारण्याची गरज उरत नाही.

तिसरी गोष्ट समजायला कीर्तन उपयोगी पडते. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात एखादा अभंग घेतात आणि त्याचे निरूपण करतात. अभंग तुकोबांचाच राहतो, त्यातला शब्द बदलत नाही. पण निरूपणात बुवा त्या अभंगाला समोर बसलेल्या माणसांच्या संसारात, त्यांच्या गावात, त्या वर्षीच्या दुष्काळात नेऊन ठेवतात, आणि उत्तररंगात एक आख्यान लावून तोच विचार वेगळ्या कथेतून पाहायला लावतात. ऐकणाऱ्याला अभंग कुठे संपला आणि बुवांचे बोलणे कुठे सुरू झाले हे नेमके कळत असते. बंडखोर लेखनाची पुनर्मांडणी म्हणजे हेच निरूपण, फक्त ते शाईने, मातीने किंवा कापडाने केलेले. मूळ मजकूर मूळ राहिला पाहिजे, निरूपण आपले असले पाहिजे, आणि दोहोंमधली सीमा पाहणाऱ्याला दिसली पाहिजे.

पण निरूपण कशाचे करायचे? ताराबाईंच्या मतांचे केले तर काम लवकर शिळे होते, कारण विधवांच्या केशवपनाविरुद्ध आज कोणाशी वाद घालायचा? मुलांना मी असे सुचवले की मते बाजूला ठेवून त्यांची रीत उचला. विजयलक्ष्मीच्या खटल्याबद्दल सगळा मुलूख बोलत होता, आणि त्या सगळ्या बोलण्यात जो पुरुष कुठेच नव्हता त्याच्याकडे ताराबाईंनी बोट दाखवले. ही त्यांची रीत. ती आज कुठे चालवता येईल?

याचे उत्तर एका विद्यार्थिनीला मराठीच्या व्याकरणात सापडले, आणि तो भाग मी जरा सविस्तर सांगतो, कारण मला स्वतःला तो तिच्याकडून शिकायला मिळाला. ती खानापूर तालुक्यातली आहे. शाळा कन्नड माध्यमाची झाली, घरी मराठी. त्यामुळे मराठी वाक्य ती आपल्यासारखे गृहीत धरत नाही, थांबून पाहते. ‘विधवा गरोदर राहिली’ हे वाक्य तिने फळ्यावर लिहिले आणि म्हणाली, “सर, ह्यात बाईच आहे फक्त. ‘राहिली’ म्हटलं की आपणच राहिल्यासारखं होतंय.” मग तिने तशीच वाक्ये जमवायला सुरुवात केली. ‘सासरी तिचा छळ झाला.’ व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्याचा कर्ता ‘छळ’ हाच आहे. छळणारे वाक्यातून निघून गेले आहेत. ‘तिला कामावरून काढण्यात आले.’ काढले कोणी, हे न सांगताही वाक्य पूर्ण होते, आणि पूर्ण झालेल्या वाक्याला कोणी पुढे प्रश्न विचारत नाही. ‘लग्नाला नकार दिल्याने तरुणीवर हल्ला.’ इथे कारण म्हणून तिचा नकार आला आहे, आणि हल्लेखोराचा पत्ता नाही. यात बातमी लिहिणाऱ्याचा वाईट हेतू असतोच असे नाही. आरोप सिद्ध होईपर्यंत कोणाला हल्लेखोर म्हणता येत नाही, ही त्याची खरी अडचण असते. पण अशी वाक्ये रोज वाचत गेलो की बाईवर काहीतरी ‘होते’, पाऊस पडावा तसे, असे वाटू लागते. ताराबाईंचा १८८२ सालचा राग नेमका याच सवयीवर होता.

ही वाक्ये तिने लिनोवर कोरायची ठरवली. ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: लिनोलियमच्या सपाट तुकड्यावर धारदार पात्यांनी कोरायचे, उरलेल्या उंच भागावर रोलरने शाई फिरवायची आणि वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासून छाप घ्यायचा. कोरलेली जागा पांढरी येते, न कोरलेली काळी. छाप आरशासारखा उलटा उमटत असल्याने अक्षरे उलटी कोरावी लागतात. देवनागरीत शिरोरेषा जागेवर राहते आणि तिच्याखालचे ‘क’, ‘ळ’, ‘झ’ तोंड फिरवून उभे राहतात, त्यामुळे ओळखीचा शब्दही हाताला अनोळखी लागतो. आठ-दहा शब्दांचे वाक्य कोरायला तिला दोन दिवस लागत, आणि या दोन दिवसांत ती त्या वाक्याशी जितकी राहिली तितके वाचून कोणी राहत नाही.

वाक्यात करणाऱ्याची जागा कशी दाखवायची यावर वर्गात बराच वाद झाला. पहिल्यांदा तिने ती जागा पूर्ण कोरून पांढरी ठेवली, पण छाप पाहिल्यावर ती परीक्षेतल्या ‘रिकाम्या जागा भरा’सारखी दिसू लागली, जणू उत्तर कोणाला माहीत नाही. मग तिने तेवढा भाग न कोरता तसाच ठेवला. आता छापात त्या जागी काळाकुट्ट चौकोन आला, शब्दांइतकाच उंच. माझ्या मते हा निर्णय फार विचारपूर्वक आहे. करणारा गैरहजर नाही. तो तिथेच आहे, त्याच्यावर शाई आहे. ताराबाईंचे एकही वाक्य या छापांत नाही, पण ते पाहताना त्यांचा निबंध वाचल्याशिवाय ही कल्पना सुचली नसती हे स्पष्ट जाणवते, आणि चांगल्या पुनर्मांडणीची माझ्यापुरती कसोटी हीच आहे.

दुसरे काम निपाणीच्या मुलाचे. त्याच्या आजीने आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत तंबाखू चाळण्याचे काम केले. त्याने निबंध वाचून सरळ सांगितले की या पुस्तकात माझी आजी नाही. त्याचे म्हणणे खरे आहे. ताराबाई सुस्थितीतल्या मराठा घरातल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोरची स्त्री बहुतेक वेळा उंबऱ्याच्या आत कोंडलेली आहे, मजुरीला बाहेर पडलेली नाही. पतिव्रतेचा आदर्श त्या पुरता टाकून देत नाहीत, आणि इंग्रज सरकारविषयी त्यांना वाटणारी कृतज्ञता आज वाचताना खटकते. हे सांगितल्याने ताराबाई लहान होत नाहीत. उलट, वारसा म्हणून ज्यांना आपण स्वीकारतो त्यांच्या मर्यादा लपवल्या, तर आपण तसबिरीकडेच परत गेलो असे होईल.

त्या मुलाला मी मुक्ता साळवे हिचा निबंध वाचायला दिला. सावित्रीबाई व जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मांग समाजातल्या या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापला गेला, म्हणजे ताराबाईंच्या सत्तावीस वर्षे आधी. आणि निपाणीच्या वखारींतल्या स्त्रियांनी स्वतः संघटित होऊन लढा दिला होता, १९८२ साली ‘युगांतर’ या चित्रपटगटाने त्यांच्यावर माहितीपटही केला होता, हे त्याला घरात कोणी सांगितले नव्हते. ताराबाईंच्या निबंधाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे होत होती. त्याने तंबाखूचे जुने बारदान मिळवले, त्याचे दोन तुकडे शेजारी शेजारी टांगले. एकावर ‘तुलना’ या शब्दाचा ठसा, दुसऱ्यावर आजीने सांगितलेले तिच्या दिवसाचे काम, पहाटेपासून रात्रीपर्यंत, तिच्याच शब्दांत. बारदानाला तंबाखूचा वास अजून आहे, आणि जवळ जाणाऱ्याला शिंक येते. त्या कामातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की त्याने ताराबाईंच्या तोंडी आजीची गोष्ट घातली नाही. दोन तुकड्यांमध्ये त्याने हातभर अंतर ठेवले आहे.

वडगावच्या एका मुलीनेही काम केले. तिची आई मागासाठी कांड्या भरते, म्हणजे विणायचे सूत कांड्यांवर गुंडाळते, आणि साडीवर लागणाऱ्या चिठ्ठीवर दुकानाचे नाव असते, कांड्या भरणारीचे कधीच नसते, एवढ्या एका गोष्टीवर ते उभे आहे. ते अजून अपुरे आहे, म्हणून त्याविषयी इतकेच.

काही व्यवहाराच्या गोष्टीही असे काम करणाऱ्यांना माहीत असाव्यात. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क असतो. ताराबाईंचे निधन १९१०च्या सुमाराचे, त्यामुळे त्यांचा मूळ मजकूर वापरायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. मात्र नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा किंवा कोणी केलेला अनुवाद हे त्या त्या व्यक्तीचे असते आणि ते न विचारता भिंतीवर लावता येत नाही. तसेच मूळ मजकुरातले लेखन आजच्या नियमांनी ‘सुधारू’ नये. न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२च्या लेखननियमांनी गेले. त्याआधीच्या मराठीत ‘तें’, ‘कसें’, ‘झालें’ असेच लिहीत. मुलांना ते टिंब आधी चूक वाटले. मी त्यांना ते ठेवायला लावले, कारण त्या टिंबामुळे पाहणाऱ्याला न सांगता कळते की हे शब्द १८८२चे आहेत आणि बिनटिंबाचे शब्द आमचे.

शेवटी उरला प्रश्न पाट्यांचा. ही कामे प्रदर्शनात मांडताना प्रत्येक कामाशेजारी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत पाटी असावी, हे वर्गाने एकमताने ठरवले. येणाऱ्यांत दोन्ही भाषांचे लोक असतील आणि तंबाखूच्या वखारीतल्या बायकांत तर दोन्ही भाषा एकाच तोंडी असतात. अडले ते पुन्हा पहिल्याच शब्दावर. निबंधाचे शीर्षक कन्नडमध्ये नेताना ‘साहस’ हा शब्द तसाच ठेवला तर प्रत्येक कन्नड वाचक त्याचा अर्थ पराक्रम असाच घेईल, जसा आमच्या मुलांनी घेतला होता. वर्गातल्या कन्नडभाषक मुलीने दोन-तीन पर्याय लिहून खोडले. ‘पापी’ म्हटले तर धर्माचा रंग येतो, ‘गुन्हेगार’ म्हटले तर नुसता कायद्याचा. अखेर तिने शब्दाऐवजी एक छोटे वाक्य केले: वाईट करताना ज्याचा हात थरथरत नाही असा कोण, बाई की पुरुष? मग मराठी मुलांनी तिचे ते वाक्य परत मराठीत आणले आणि मराठी पाटीवरही मूळ शीर्षकाच्या खाली, लहान अक्षरांत, तेच लिहिले. लिनोवर ते कोरायचे काम खानापूरच्या मुलीकडे आले आहे, आणि ‘थरथरत’ हा शब्द उलटा कोरताना तिचे तीन तुकडे वाया गेले आहेत.